पीएम २.५ चा आकडा पीएम १० पेक्षा जास्त येतोय, चूक नेमकी कुठे?

प्रश्न : धूळमापक

नमस्कार. एम.एस्सी. पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी चंद्रपूर-घुग्घुस रस्त्यालगत, कोळशाचे ट्रक जातात तिथे, जानेवारीत पाच दिवस नमुने घेतले. दोन्ही यंत्रं एकाच गच्चीवर, जमिनीपासून साधारण ६ मीटर उंचीवर, एकमेकांपासून ३ मीटर अंतरावर.

पीएम १० (१० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा बारीक धूळ) साठी रेस्पिरेबल डस्ट सॅम्पलर (हवा ओढून बारीक धूळ फिल्टरवर जमवणारं यंत्र), ग्लास फायबर फिल्टर, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. पीएम २.५ (२.५ मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ) साठी मिनिटाला १६.६७ लिटर हवा ओढणारा सॅम्पलर, आत इम्पॅक्टर (जाड कण आधीच अडवणारा भाग), ४७ मिमीचा पीटीएफई (टेफ्लॉन) फिल्टर, सलग २४ तास.

चौथ्या दिवसाचे आकडे :
पीएम १० : तिन्ही फिल्टरवर मिळून १६५.९ मिग्रॅ धूळ. प्रवाह मिनिटाला १.२ घनमीटर धरला, म्हणजे १७२८ घनमीटर हवा. उत्तर ९६.
पीएम २.५ : फिल्टर आधी १४६.३१० मिग्रॅ, नंतर १४८.९०२. फरक २.५९२ मिग्रॅ, हवा २४ घनमीटर. उत्तर १०८.
(दोन्ही मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर.)

पीएम २.५ हा पीएम १० चाच भाग, मग तो मोठा कसा? पाचव्या दिवशीही तेच. पहिले तीन दिवस ठीक होते. गाईड म्हणतात कारण सापडल्याशिवाय आकडे लिहायचे नाहीत.

उत्तर १ : सायक्लोनकप

गाईड बरोबर सांगताहेत. आधी पीएम १० कडे बघा, तिथली चूक आकड्यांतच दिसते. १.२ हा पाळी सुरू होतानाचा प्रवाह आहे ना? पाळी संपताना मॅनोमीटर (प्रवाह दाखवणारी दाबनळी) किती दाखवत होता? कोळशाच्या रस्त्यावर फिल्टर भराभर भरतो, ब्लोअरला हवा ओढणं जड जातं आणि प्रवाह उतरतो. हिशोबात सुरुवातीचा आणि शेवटचा प्रवाह यांची सरासरी घ्यायची असते. सुरुवातीचाच धरला तर न ओढलेली हवाही भाजकात जाते आणि उत्तर कमी येतं.

प्रवाह उतरण्याची आणखी दोन कारणं : ब्लोअरचे कार्बन ब्रश झिजणे आणि व्होल्टेज पडणे. ब्रश बदलले की प्रवाहाचं कॅलिब्रेशन (प्रमाणित उपकरणाशी ताळमेळ) पुन्हा करावंच लागतं, जुना तक्ता चालत नाही. स्टॅबिलायझर नसेल तर लावा.

धूळमापक

शेवटचा प्रवाह वहीत आहे, हिशोबात घेतला नव्हता. तिन्ही पाळ्यांना ०.९ च्या आसपास.

उत्तर १ : सायक्लोनकप

मग सरासरी १.०५. हवा १.०५ × १४४० = १५१२ घनमीटर. १६५.९ मिग्रॅ भागिले १५१२ म्हणजे जवळपास ११०. तुमचे ९६ चे ११० झाले.

पण १.२ वरून ०.९ ही घसरण फार आहे. सायक्लोन (हवा गरगर फिरवून जाड धूळ बाजूला पाडणारा भाग) ठरावीक प्रवाहालाच १० मायक्रॉनवर धूळ वेगळी करतो. प्रवाह उतरला की खालच्या कपात पडायला हवे ते जाड कणही फिल्टरवर चढतात. तेव्हा अशा जागी आठऐवजी चार तासांनी फिल्टर बदला. दिवसाला सहा फिल्टर लागतील, खर्च वाढेल, पण आकडा भरवशाचा येईल.

उत्तर २ : मायक्रोग्रॅम

हिशोब सुधारला तरी प्रश्न सुटलेला नाही. ११० पैकी १०८ पीएम २.५? म्हणजे ट्रकच्या चाकांखालची, उघड्या कोळशाची जाड धूळ जवळजवळ नाहीच. अशा रस्त्यावर पीएम २.५ चा वाटा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असायला हवा. दुसरी चूक पीएम २.५ च्या यंत्रात आहे.

इम्पॅक्टर उघडा. तळाच्या वाटीत ३७ मिमीचा ग्लास फायबर फिल्टर असतो आणि तो साधारण १ मिली सिलिकॉन तेलात बुडलेला असावा लागतो. जाड कण वेगाने येऊन त्यावर आदळतात आणि तेलात अडकतात. फिल्टर कोरडा असेल तर तेच कण उसळतात, हवेबरोबर खाली जातात आणि पीटीएफईवर बसतात.

पीटीएफई फिल्टर दहापट भिंगाखाली धरा. पीएम २.५ चा थर एकसारखा, धुरकट राखाडी दिसतो. सुटे काळे दाणे दिसले तर जाड धूळ आत शिरली आहे.

दोन गोष्टी सोबत तपासा. एक, गळती : ओ-रिंग (सांधा बंद ठेवणारी रबरी कडी) चिरली असेल तर हवा बाजूने जाते. दोन, प्रवाह : १६.६७ पासून ४ टक्क्यांपेक्षा जास्त ढळता कामा नये. प्रवाह कमी झाला की इम्पॅक्टर २.५ हून मोठे कणही सोडतो.

धूळमापक

उघडून बघितलं. तिसऱ्या दिवसानंतर वाटीतला फिल्टर बदलला होता, पण नव्यावर तेल घातलेलं नाही. पूर्ण कोरडा आहे. भिंगाखाली चौथ्या-पाचव्या दिवसाच्या पीटीएफईवर काळे दाणे स्पष्ट दिसतात, पहिल्या तीनवर नाहीत. गळती नाही, प्रवाह १६.५. दोन दिवसांना काही गुणक लावून आकडे सुधारता येतील का?

उत्तर २ : मायक्रोग्रॅम

नाही. किती कण उसळले हे मोजायला काही साधन नाही. त्या दोन दिवसांचे पीएम २.५ चे आकडे रद्द करा, कारण लिहा आणि दोन दिवस नव्याने नमुने घ्या. तेल घातलेला फिल्टरही जास्तीत जास्त पाच दिवसांनी बदलायचा. तुमच्या जागी तीन दिवसांनी बदलणं योग्यच होतं, फक्त तेल राहिलं. वाटीत धुळीचा उंचवटा दिसू लागला तर लगेच बदला, त्याने कणांची सीमारेषा सरकते.

उत्तर ३ : चिमटा_आणि_तराजू

वजनाबद्दल. पीएम २.५ मध्ये ६० ची २४ तासांची मर्यादा गाठायलाही फिल्टरवर फक्त १.४४ मिग्रॅ धूळ लागते. ०.१ मिग्रॅची चूक म्हणजे ४ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त फरक. म्हणून वजनाआधी आणि नंतर फिल्टर २४ तास एकाच तापमानाला, एकाच आर्द्रतेला ठेवा. पीटीएफईवर स्थिर विद्युतभार साचतो आणि तराजूचा आकडा सरकत राहतो. आयोनायझरसमोरून (हा भार घालवणाऱ्या उपकरणासमोरून) नेऊन मगच पॅनवर ठेवा. हाताळणी चिमट्यानेच, तीही कडेच्या रिंगला धरून.

पीएम १० च्या ग्लास फायबरचा त्रास उलटा. गॅस्केटला (फिल्टरच्या कडेवर दाबून बसणाऱ्या रबरी पट्टीला) चिकटून कडेचे तंतू तिथेच राहतात. प्रत्येक फिल्टरचे ३ मिग्रॅ तंतू गेले तर दिवसाचे ९ मिग्रॅ, तुमच्या हिशोबात सुमारे ६ मायक्रोग्रॅम कमी. पंखासारखे नट हाताने, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा, जीव खाऊन नाही. फिल्टर काढल्यावर गॅस्केटवर पांढरे तंतू दिसले तर चिमट्याने उचलून त्याच लिफाफ्यात टाका.

दर फेरीला एक फील्ड ब्लँक ठेवा : फिल्टर यंत्रात बसवायचा, पंप न चालवता काढायचा, वजन करायचं. नुसत्या हाताळणीने वजन किती बदलतं ते त्यावरून कळतं.

धूळमापक

समजलं. पुढे याच फिल्टरवरून कोळसा किती, रस्त्याची माती किती हे काढायचं आहे. चालेल का?

उत्तर ३ : चिमटा_आणि_तराजू

ग्लास फायबरवरून नाही. काचेतच सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम आहे, मातीची ओळख त्याच मूलद्रव्यांवरून होते. एक्सआरएफसाठी (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखण्याच्या चाचणीसाठी) पीटीएफई वापरा, कार्बनसाठी आधी भट्टीत तापवलेला क्वार्ट्झ. दोन्ही फिल्टर एकाच दिवशी लागतात, म्हणजे कमी प्रवाहाचे दोन सॅम्पलर शेजारी लावावे लागतील. वाऱ्याची दिशा तासातासाला लिहा. त्याशिवाय कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्राची राख आणि रस्त्यावरची राख वेगळी सांगता येणार नाही, कारण राखेचे ट्रकही त्याच रस्त्याने जातात.