एमआरआय नॉर्मल, तरी बसवत नाही

वर कुणी लिहिलंय की एमआरआय स्वच्छ आला म्हणजे नसेचं दुखणं नाहीच. हे मला अजिबात पटत नाही. प्युडेंडल नस (गुदद्वार आणि जननेंद्रियाच्या भागाला संवेदना देणारी नस) दबल्याचं निदान मुख्यतः रुग्णाचं नीट ऐकून आणि हाताने तपासून होतं. एमआरआय गाठ वगैरे दुसरं कारण नाही ना, एवढ्यासाठी. या निदानासाठी २००८ साली प्रसिद्ध झालेले नान्त निकष (फ्रान्समधल्या नान्त शहराच्या नावाचे) पाच आहेत: दुखणं या नसेच्याच भागात, म्हणजे गुदद्वारापासून जननेंद्रियापर्यंत, बसल्यावर वाढणारं, रात्री झोपेतून न उठवणारं, तपासणीत संवेदना शाबूत, आणि नसेजवळ भूल दिल्यावर आराम. कमोडवर बसलं की बरं वाटतं का, हे आवर्जून विचारावं. तिथे नसेवर दाब येत नाही ना! ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडले आहेत का, तेही बोटाने तपासावं लागतं. आधी समजावून आणि परवानगी घेऊनच.

चौथा निकष, म्हणजे संवेदना शाबूत असणं, मात्र विसरू नका. तो भाग बधिर झाला असेल, लघवी अडत असेल किंवा शौचावरचा ताबा गेला असेल, तर कारण वर मणक्यात असू शकतं. अशा वेळी त्याच दिवशी इमर्जन्सीत जा.