सेल्फ फिरतोय, तर आधी पेट्रोल बघा

तुम्ही लिहिलंय की चार महिने पडवीत उभी राहिलेली स्कूटर नवी बॅटरी घालूनही चालू होत नाही, सेल्फ मात्र जोरात फिरतो. मग बॅटरीचा नाद सोडा. दोष बहुधा पेट्रोलात, ठिणगी पाडणाऱ्या प्लगात नाहीतर हवेच्या वाटेत आहे.

आमच्या गुहागरात पावसाळा काढलेल्या गाडीचं मी आधी पेट्रोलच बघतो. हल्लीच्या पेट्रोलात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते दमट हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग) असेल तर त्याच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून आतलं काचेच्या बाटलीत काढा. माझ्या गाडीतून निघालं ते कोऱ्या चहासारखं, वास वार्निशचा आणि तळाशी पाण्याचा वेगळा थर हलत होता! टाकी रिकामी करून ताजं लिटरभर ओतलं, तेव्हा कुठे सातव्या-आठव्या किकला धरली. इंजेक्शनवाली, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी, असेल तर मात्र पुढचं काम मेकॅनिककडेच द्या.

प्लग ओला असेल तर पुसून वाळवा. ठिणगी बघायच्या आधी गाडी अंगणात घ्या आणि सांडलेलं पेट्रोल पूर्ण उडू द्या, यात घाई नको.

एअर फिल्टरचा डबाही उघडा, उंदीर आत काथ्या नेऊन घर करतात. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीचं मातीचं घरटं मी स्वतः काढलंय. आणि धक्का मारत दमू नका, गिअर नसलेली स्कूटर धक्क्याने चालू होतच नाही.

पेट्रोल काढलंत की रंग कसा निघाला ते कळवा.