सावद्याहून बेंगळुरूच्या पायकॉनला पहिल्यांदाच जायचंय: जावं का, आणि कसं?

सावद्याची_लेक

नमस्कार मंडळी. मी जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याची. चार वर्षं झाली, पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी घरूनच पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं वेबसाइट बनवायचं साधन जँगो, यांचं काम करते. कंपनीत आम्ही सहा जण. त्यांतल्या दोघांनाच मी समोरासमोर भेटलेय.

यंदाची पायकॉन इंडिया, म्हणजे पायथॉन वापरणाऱ्यांची परिषद, सप्टेंबरात बेंगळुरूला आहे आणि मला जायचंय. कंपनीने सुट्टी कबूल केलीय, पैसे मात्र माझे. पंधरा हजार बाजूला काढलेत. आमच्याकडे आत्ता कानबाईची, म्हणजे आमच्या खानदेशातल्या श्रावणातल्या सणाची, तयारी सुरू होईल, मग रोट आणि पाहुणे यांत महिना जाईल, म्हणून त्याआधीच ठरवायचंय.

पहिली शंका हीच की जाऊन नेमकं काय मिळतं? भाषणं तर नंतर यूट्यूबवर येतातच. गेल्या दोन वर्षांची मी घरी बसून पाहिलीत, दुपारी लाइट गेली की मोबाइलवर. अण्णांनीही तेच विचारलं, "घरी दिसतं ना सगळं, मग एवढ्या लांब कशाला?" त्यांना उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे विचारतेय. एकटीने जाण्याचीही त्यांना काळजी आहे, ती मी समजू शकते.

दुसरं, इंग्रजी. वाचता-लिहिता येतं, ऐकलेलं कळतं. पण चार अनोळखी माणसांत उभं राहून बोलायची वेळ आली की वाक्य अर्ध्यात थांबतं.

तिसरी गोष्ट सांगायला थोडी धाकधूक वाटतेय. आमची केळी आहे, चार एकर, निम्मी मृगबाग आणि निम्मी कांदेबाग, म्हणजे दोन हंगामांत लावलेली. भाव रोज व्हॉट्सअ‍ॅपच्या पाच-सहा ग्रुपवर येतात: नवती, पिलबाग, वापसी अशा केळीच्या प्रकारांचे, वर फरक. प्रत्येक जण आपल्या पद्धतीने लिहितो. कुणी आकडे मराठीत टाकतो, कुणी इंग्रजीत. अण्णा ते सगळं वहीत उतरवायचे. दोन वर्षांपूर्वी मी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली. ग्रुपमधले मेसेज एक्स्पोर्ट करून तिला दिले की भाव वेगळे काढून तक्ता तयार होतो. आता आमच्या गल्लीतली सात-आठ घरं तोच तक्ता बघतात.

ते करताना मराठी मजकुराने मला फार छळलं. सगळ्यात जास्त, केळीचा मोठा बाजार असलेल्या बऱ्हाणपूरने. बऱ्हाणपूरचा भाव कधी सापडायचा, कधी नाही. स्क्रीनवर दोन्ही शब्द सारखेच दिसायचे. तीन रात्री गेल्या तेव्हा कळलं की काही फोनवर तो अर्धा र 'ऱ' या स्वतंत्र अक्षराने लिहिला जातो, आणि काहींवर साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर असतो. डोळ्यांना एक शब्द, संगणकाला दोन.

यावर पायकॉनमध्ये पाच मिनिटं बोलता येईल का? की तिथे मोठमोठ्या सिस्टिमवाल्यांसमोर केळीच्या भावाची स्क्रिप्ट नेणं बरोबर दिसणार नाही?

भुसावळ_जंक्शन

ताई, आधी गाडीचं बोलतो, कारण त्याला मुदत आहे. आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पासून तसं झालंय. म्हणजे सप्टेंबरच्या प्रवासाची तारीख जुलैतच येते. कॅलेंडरवर मोजून ठेवा आणि त्या दिवशी सकाळी आठला बसा. तात्काळच्या भरवशावर राहू नका.

भुसावळहून कर्नाटक एक्स्प्रेस. दुपारी बसलात की साधारण चोवीस तासांनी दुसऱ्या दिवशी दुपारी बेंगळुरू. मनमाड, नगर, दौंड, सोलापूर करत जाते. भाषणं शनिवार-रविवारी असतात, तर गुरुवारी निघा. शुक्रवारची संध्याकाळ आंघोळ, जेवण आणि झोपेला ठेवा. परतीची तीच गाडी बेंगळुरूहून संध्याकाळी सातनंतर सुटते. रविवारची काढाल तर शेवटच्या सत्रातून उठून पळावं लागेल. सोमवारची काढा.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. २०११ ला पायकॉन इंडिया पुण्यात झाली होती, सिंबायोसिसच्या विश्वभवनात. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होतो. भुसावळहून आम्ही तिघं गेलो, रात्रभर जनरल डब्यात उभे. पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंगर यांचं बीजभाषण होतं. खरं सांगतो, त्यातलं निम्मं डोक्यावरून गेलं. पण जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे एक जण होता, त्याने विचारलं, "तू काय बनवतोस?" तोपर्यंत मला कुणी हे विचारलंच नव्हतं. मार्क विचारायचे, प्लेसमेंट विचारायचे. मी कॉलेजच्या लायब्ररीसाठी केलेल्या प्रोग्रामबद्दल सांगत सुटलो, तर त्या माणसाने ताट हातात घेऊन वीस मिनिटं ऐकलं आणि माझ्या डेटाबेसमधली एक चूकही दाखवली. पुढे दोन वर्षांनी त्याच्याच ओळखीने मला पहिली नोकरी लागली.

अण्णांना हेच सांगा. व्हिडिओत माणूस बोलतो, पण तुम्हाला विचारत नाही.

बेंगळुरूतला_जळगावकर

मी इथे अकरा वर्षं आहे, पायकॉन चारदा केलीय, त्यांतली दोन वर्षं स्वयंसेवक म्हणून. जरा सविस्तर लिहितो.

२०२४ ला परिषद निमहान्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये होती. त्या भागासाठी बेंगळुरू स्टेशनाबाहेरच मॅजेस्टिकची मेट्रो धर, ग्रीन लाइनने लालबागला उतर, पुढे रिक्षा. वेबसाइटवर जागा नक्की पाहून खोली चालत जाता येईल अशाच अंतरावर घे, चारशे रुपये जास्त गेले तरी चालतील. इथला सकाळचा ट्रॅफिक सावद्याच्या बाजाराच्या दिवसासारखा नाही, तो रोजचाच आहे.

तिकीट काढताना नीट वाच. मुख्य परिषदेचं तिकीट वेगळं, कार्यशाळेचं वेगळं असतं. पहिल्या वेळी कार्यशाळा नसली तरी काही अडत नाही. पण डेव्ह स्प्रिंट सोडू नको. तिथे ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेले प्रकल्प सांभाळणारी माणसं टेबल मांडून बसतात आणि नवख्यांना शेजारी बसवून पहिला पॅच, म्हणजे कोडमधली छोटी दुरुस्ती, करून घेतात. तू घरून एकटी काम करतेस, म्हणून हे मुद्दाम सांगतोय. दुसरा माणूस कोड कसा वाचतो, कुठे थांबतो, कीबोर्डवरून हात कधी उचलतो, हे तू चार वर्षांत बघितलेलंच नाहीस.

भाषणांचं: दिवसाला तीनच ठरव. बाकी वेळ बाहेरच्या व्हरांड्यात काढ. पहिल्या वर्षी मी एकही सत्र सोडलं नाही. वही भरली, पण एकाही माणसाचं नाव लक्षात राहिलं नाही. त्याची हळहळ मला आजही आहे.

घोळक्यात शिरायची भीती वाटते ना? पायकॉनच्या लोकांत 'पॅकमॅन नियम' म्हणून एक रीत आहे. गोल करून उभं राहताना एका माणसाची जागा मोकळी सोडायची, त्या खेळातल्या पॅकमॅनच्या तोंडासारखी. ती फट म्हणजे 'ये, उभी राहा'. सगळे पाळतात असं नाही, पण पुष्कळ पाळतात. आणि इंग्रजीचं म्हणशील तर इथे तमिळ, कन्नड, मल्याळम, हिंदी घरात बोलणारी माणसं येतात, प्रत्येकाचं इंग्रजी आपल्या गावचं. वाक्य अर्ध्यात थांबलं तर समोरचा पुरं करतो.

आता तुझी स्क्रिप्ट. मुख्य भाषणांचे प्रस्ताव काही महिने आधी घेतात, ती वेळ गेली. पण लायटनिंग टॉक तिथेच असतात, पाच मिनिटांचे, नाव त्या दिवशी नोंदवायचं. बऱ्हाणपूरचा किस्सा त्यासाठीच जन्मलाय असं मला मनापासून वाटतं. एक विचारू? शब्द तोडायला तू पायथॉनच्या नेहमीच्या 're' (मजकुरात हवं ते शोधणारं साधन) मधला बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कोणतंही अक्षर' ही खूण, वापरून पाहिलीस का? 'पिलबाग'चं काय झालं?

धुळे_ते_हिंजवडी

अगं, मी धुळ्याची. २०१९ मध्ये चेन्नईला एकटीच गेले होते, म्हणून राहण्याचं मी सांगते.

घरच्यांना 'काळजी करू नका' एवढ्यावर ठेवू नकोस. कागदावर लिहून दे: गाडी, डबा, खोलीचा पत्ता, तिथला फोन, रोज किती वाजता फोन करशील ते. माझ्या आईला तो कागद फ्रिजवर लावल्यावर झोप लागली. खोली शक्यतो दुसऱ्या मुलीबरोबर वाटून घे. पायलेडीज, म्हणजे पायथॉन वापरणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर एक महिना आधी विचार, बऱ्याच जणी सोबत शोधत असतात. खर्च निम्मा होतो आणि सकाळी एकटीने हॉलमध्ये शिरावं लागत नाही. परिषदेची आचारसंहिता लेखी असते. कुणी त्रास दिला तर कुणाला गाठायचं तेही दिलेलं असतं. निघण्याआधी वाचून ठेव.

पैशाचं: आर्थिक मदतीसाठी अर्ज करता येतो. आमच्याकडच्या मुली तिथे हात आखडतात, 'आपल्यापेक्षा गरजू कुणी असेल' म्हणून. मीही तेच केलं होतं. तो पैसा त्यासाठीच ठेवलेला असतो. यंदाची मुदत आहे का ते आजच बघ. आणि कंपनीला पुन्हा विचार. सुट्टी मिळालीच आहे, आता निदान तिकिटाचे पैसे माग. परत आल्यावर सहकाऱ्यांना तासभर सगळं सांगेन, असं ईमेलमध्ये लिही.

एक सावधगिरी. मी त्याआधी एका मोठ्या कंपनीने स्वतःच्या उत्पादनासाठी भरवलेल्या परिषदेला गेले होते. दोन दिवस पिशव्या, टी-शर्ट आणि 'आमचं क्लाउड घ्या'. पायकॉन पायथॉन वापरणारी माणसंच मिळून भरवतात, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याला तिथे ग्राहक समजत नाहीत. तू निवडलेली जागा बरोबर आहे.

सावद्याची_लेक

सगळ्यांचे खूप आभार. भुसावळ दादा, जेवणाच्या रांगेतला तो प्रसंग मी अण्णांना वाचून दाखवला. ते काहीच बोलले नाहीत. रात्री जेवताना मात्र विचारलं, "तुझी गाडी कोणत्या दिवसाची?"

जळगावकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, तिथेच अडकले होते! बॅकस्लॅश डब्ल्यू वापरलं की 'पिलबाग'चे तीन तुकडे होतात: प, लब, ग. नवतीची 'नवत' राहते, वापसीचं व आणि पस. पायथॉनच्या 're' ला वेलांटी आणि काना ही अक्षरं वाटतच नाहीत, म्हणून तिथे शब्द तुटतो. वेगळं मिळणारं 'रेजेक्स' नावाचं पॅकेज घातलं तेव्हा शब्द अख्खे आले. पण गंमत म्हणजे आकड्यांत काहीच त्रास झाला नाही. मी मराठी आकडे इंग्रजीत बदलायला वीस ओळी लिहिल्या होत्या, नंतर कळलं की पायथॉनचं इंट फंक्शन, जे मजकुरातून संख्या बनवतं, '१८५०' थेट घेतं. त्या वीस ओळी पुसताना मला इतका आनंद झाला होता की आईला उठवून सांगितलं.

आणि बऱ्हाणपूरला युनिकोडचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेलं एकच अक्षर एकसारखं करणं) पुरत नाही. र आणि खाली नुक्ता असं कुणी लिहिलं असेल तर ते 'ऱ' मध्ये जोडलं जातं, पण जॉइनरवालं तसंच राहतं. ते मला हाताने बदलावं लागलं, एका ओळीत. पाच मिनिटांत हे तीनच सांगेन: पिलबाग, आकडे, बऱ्हाणपूर. काल मोबाइलवर वेळ लावून इंग्रजीत बोलून पाहिलं, सात मिनिटं झाली. आकड्यांचा भाग छोटा करते.

धुळ्याच्या ताई, कंपनीला ईमेल केलंय. पायलेडीजच्या ग्रुपवरही विचारलं. नागपूरची एक मुलगी सोबत शोधतेय, तिच्याशी उद्या फोनवर बोलणार आहे.

अजून एकच विचारते. स्लाइडवर व्हॉट्सअ‍ॅपचे खरे मेसेज दाखवले तर चालतील ना? लोकांची नावं आणि नंबर काढून टाकेन.

बेंगळुरूतला_जळगावकर

नावं-नंबर काढूनही खरे मेसेज नको. दुसऱ्यांनी आपल्या ग्रुपवर लिहिलेलं आहे ते. तसेच दिसणारे चार मेसेज स्वतः लिहून घे. दोन्ही बऱ्हाणपूर एकाखाली एक मोठ्या अक्षरांत ठेव आणि बोलायला लागण्याआधी दहा सेकंद तशीच शांत उभी राहा. लोकांना फरक शोधू दे.

स्लाइडची पीडीएफ पेनड्राइव्हवर घे आणि फॉन्ट आतच घाल, नाहीतर तिथल्या लॅपटॉपवर वेलांट्या इकडेतिकडे जातील. शुक्रवारी गाडी बेंगळुरूच्या जवळ आली की इथे लिही. मी आणि माझी बायको स्टेशनावर येतो, तीही आपल्याकडचीच आहे, यावलची. तिने आत्ताच सांगून ठेवलंय: कळण्याच्या भाकरीचं पीठ एक किलो आण, इथे मिळत नाही.