मदत हवी आहे: स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाचा खर्च किती काळ उचलावा?

आमचा मुलगा अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यात सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी करत असून, त्याच्या खोलीचे भाडे, खानावळ आणि अभ्यासिका यांचा सर्व खर्च आम्हीच पाठवतो. मी राज्य शासनाच्या सेवेतून पुढील वर्षी, वयाच्या ५८ व्या वर्षी, निवृत्त होत असल्याने हे फार काळ झेपणार नाही. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय ३८ असल्यामुळे अजून पुष्कळ संधी आहेत, असे तो म्हणतो. आयोगाची मर्यादा एवढी सैल असली, तरी आमची बचत तेवढी सैल नाही. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ नुसार धडधाकट सज्ञान मुलाला पोसण्याचे बंधन आईवडिलांवर नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु घरात असे कलम दाखवून बोलणे मला पटत नाही. (त्याच्या आईला तर हा विषयच नको असतो.)

ज्यांनी हा प्रसंग हाताळला आहे, त्यांनी कृपया सांगावे: पैसे टप्प्याटप्प्याने कमी करावेत, की एखाद्या पूर्वपरीक्षेची मुदत ठरवून थांबवावेत? तयारी सांभाळून अर्धवेळ शिकवण्या घेणे कितपत जमते? आणि मुख्य म्हणजे, आमचा त्याच्यावर विश्वास उरला नाही असे त्याला न वाटता हे कसे सांगावे?