शंभरपट, पण छळणुकीसह
येशूच्या शिष्यत्वाची किंमत इथे मोजायची आणि प्रतिफळ मात्र स्वर्गात, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात (10:30), त्याच्यासाठी सर्व सोडणाऱ्यांना घरे, भाऊबहिणी, आया, शेते याच काळी शंभरपट मिळतील असे येशू सांगतो. मात्र त्याच यादीत, जणू तीही मिळकतच असावी तशी, छळणूक येते (प्रवचनांत नेमका हाच शब्द गिळला जातो). 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेल्या कवी नारायण वामन टिळकांना पत्नी लक्ष्मीबाईंचा काही वर्षे विरह सोसावा लागला. ख्रिस्ती झाल्यावर माझ्या आजोबांनाही घर तुटले. परळच्या चाळीतल्या त्यांच्या पहिल्या नाताळाला मंडळीतल्या (चर्चमधल्या) एका म्हातारीने करंज्या आणून दिल्या, तो पितळी डबा तिने परत कधीच नेला नाही.