सगळा दोष हेल्वेटिकाच्या माथी नको

हल्लीचे सगळे लोगो एकाच साच्यातले दिसतात आणि त्याला स्विस शैली (हेल्वेटिकासारखा साधा टाइपफेस आणि मोजूनमापून केलेली मांडणी) जबाबदार, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. मला ती अर्धीच पटते.

गूगलचा २०१५ चा लोगो बघा. त्यातले दोन्ही 'ओ' जवळपास कंपासने काढल्यासारखे गोल आहेत. हे वळण फ्युचुरा या टाइपफेसचं, म्हणजे १९२७ च्या जर्मनीतलं, स्विस नव्हे. हेल्वेटिका १९५७ ची, हास या स्विस टाइप-कंपनीसाठी माक्स मीडिंगरने रेखाटलेली (तेव्हा नाव होतं नॉये हास ग्रोटेस्क). तिच्यात 'सी', 'ई', 'एस' या छोट्या अक्षरांची टोकं आडवी, सपाट कापलेली असतात. त्यामुळे शब्द घट्ट बांधलेला दिसतो.

हा घट्टपणा लोगोत कसा वापरायचा ते डिझायनर मासिमो विन्येलीने १९६७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्ससाठी दाखवलं. दोन शब्दांमध्ये जागाच सोडली नाही. एक लाल, दुसरा निळा, बस्स. लोगोतला गरुड त्याला नकोच होता, पण कंपनीने हट्टाने बसवला. लोगो मात्र २०१३ पर्यंत टिकला. आज कुठला लोगो पंचेचाळीस वर्षं चालतो?

बर्बेरी या ब्रिटिश फॅशन कंपनीबद्दल मात्र ती तक्रार पटते. २०१८ मध्ये सेरिफ (अक्षरांच्या टोकांना असलेली छोटी शेपटं) नसलेली ठसठशीत कॅपिटल अक्षरं आणली आणि २०२३ मध्ये मुकाट्याने सेरिफ आणि जुन्या घोडेस्वाराच्या चिन्हाकडे परतले. स्विस मंडळी आधी ग्रिड (मांडणीसाठी आडव्या-उभ्या रेषांची जाळी) आखायची, मोकळी जागा मोजायची, मग अक्षरं मांडायची. इथे नुसती सेरिफं छाटली होती.