काकांचा २०१४ सालचा ऑल-इन-वन उघडला. भंगारात द्यायला हवा होता का?

खिळेमोळे

आमचे काका साताऱ्यात डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल, आणि हल्ली सगळ्यात जास्त श्रद्धांजलीचे फ्लेक्स. २०१४ साली घेतलेला ऑल-इन-वन वापरतात, म्हणजे पडदा आणि कॉम्प्युटर एकाच डब्यात. २१.५ इंची पडदा, आय३-४००५यू प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. दिवाळीपासून त्याची तऱ्हा अशी की बटण दाबायचं, देवपूजा उरकायची, चहा प्यायचा, मग कुठे डेस्कटॉप दिसायचा. पेजमेकर, म्हणजे पानं मांडायचं सॉफ्टवेअर, उघडायला दुसरा चहा. दुकानात नेला तर उत्तर मिळालं, "बोर्ड कमजोर झालाय. नवीन घ्या, याचे दोन हजार देतो."

तिथेच मला शंका आली. बोर्ड गेलेल्या यंत्राचे दोन हजार कोण देतं?

रविवारी घरी आणून उघडला. खाली रजई, त्यावर पडदा पालथा. स्टँडचे दोन स्क्रू काढले आणि जुनं एटीएम कार्ड कडेला सारत सारत मागचं झाकण सोडवलं. प्रत्येक क्लिप सुटताना असा आवाज येतो की वाटतं, मोडलंच काहीतरी. एक खरोखर मोडली. पंख्याच्या तोंडाशी धूळ आणि उदबत्तीचा धूर यांचा बनातीसारखा थर जमला होता, चिमट्याने अख्खी घडीच बाहेर आली. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मीटरवर २.२ व्होल्ट दाखवत होता, नवा असला की ३ च्या वर असतो. म्हणून रोज सकाळी तारीख २०१४ ला जायची आणि काका बिलावर हाताने तारीख घालायचे. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये, म्हणजे डिस्कची तब्येत सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हार्ड डिस्क पिवळी, म्हणजे धोक्याचा इशारा. बोर्ड ठणठणीत.

खर्च: ५१२ जीबी एसएसडी (चिपवर साठवणारी, न फिरणारी डिस्क) ३,४००, जुन्या बाजारातली ८ जीबी रॅम १,१००, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, सेल आणि केबल मिळून ६००. शिवाय ७०० रुपये अक्कलखाती. आधी साधी डीडीआर३ रॅम आणली होती, १.५ व्होल्टची. या प्रोसेसरला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. खाच तीच, आकार तोच, बसली मस्त, चालू मात्र होईना. एकूण ५,८००.

आता चालू केल्यापासून पेजमेकर दिसेपर्यंत पाऊण मिनिट.

माझं म्हणणं एवढंच: फिरत्या हार्ड डिस्कवर चालणारा ऑल-इन-वन एसएसडी टाकून न बघता भंगारात देणं हा मूर्खपणा आहे. बोला.

शून्यप्रहर

अभिनंदन, पण असहमत. तुमचा अख्खा रविवार कोणत्या खात्यात टाकला? ५,८०० मध्ये तो दिसत नाही.

मुळात ऑल-इन-वन हा प्रकारच फसवा. लॅपटॉपची सगळी दुखणी, आणि लॅपटॉपचा एकमेव फायदा, बॅटरी, ती नाही. वीज गेली की गेलं काम. बारा वर्षांच्या यंत्रात एक गोष्ट बदललीत. उद्या पडद्याचा बॅकलाइट जाईल, परवा अडॅप्टर. प्रोसेसर बोर्डालाच चिकटवलेला, तो बदलता येत नाही.

त्याऐवजी आठव्या पिढीचा आय५-८५००टी वाला वापरलेला मिनी पीसी घ्या आणि वेगळा मॉनिटर. वीस हजारांच्या आसपास होईल, पण पडदा गेला तर पडदाच बदलायचा, डबा गेला तर डबाच. विंडोज ११ रीतसर चालेल. तुमच्या आय३ वर ते रीतसर चालणार नाही, कारण इंटेलची आठव्या पिढीच्या आधीची कोअर मालिका (एखाददुसरा अपवाद सोडून) मायक्रोसॉफ्टच्या यादीतच नाही. आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. काकांना तुम्ही वेगाने धावणारी, दार उघडं असलेली गाडी दिलीत.

खिळेमोळे

@शून्यप्रहर, मिनी पीसीचा हिशेब मीही मांडला होता. अडलं ते श्रीलिपीपाशी, म्हणजे मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरपाशी. काकांची जुनी आवृत्ती आहे, यूएसबीला लॉक (परवाना ओळखणारा खुंटा) लावावं लागतं, आणि कामं सगळी पेजमेकर ७ मध्ये. म्हणजे २००१ सालचं सॉफ्टवेअर. नव्या यंत्रावर हा संसार जसाच्या तसा बसेल याची हमी कोणी देईना. म्हणून मी विंडोज नव्याने टाकलंच नाही, आहे ती डिस्क अक्षरशः उचलून एसएसडीवर ठेवली.

तेही सरळ झालं नाही. साध्या क्लोनिंगने खराब सेक्टरपाशी नांगी टाकली. मग लिनक्सच्या (विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली) पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे सॉफ्टवेअर रात्रभर चालवलं. ते आधी सगळं वाचता येईल तेवढं वाचून घेतं आणि अडलेल्या जागी नंतर परत येतं. एक सूचना: असं करायचं असेल तर नवी डिस्क जुनीपेक्षा मोठी हवी. ४८० जीबीची स्वस्त मिळत होती, पण ५०० मधला मजकूर ४८० मध्ये कसा ओतणार?

कराडचा सर्व्हिसवाला

दुकानदाराच्या बाजूने कोणीतरी बोलायला हवं, म्हणून लिहितोय. माझं स्वतःचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली.

"बोर्ड कमजोर आहे" हे आमच्या धंद्यातलं सभ्य "नाही" आहे. टॉवर पीसी आला तर दोन स्क्रू, बाजूचा पत्रा, दहा मिनिटांत डिस्क बदलून हातात. ऑल-इन-वनला तीच डिस्क बदलायला दोन-अडीच तास. काही मॉडेलला मागून झाकणच नाही, पुढची काच दुहेरी चिकटपट्टीवर बसवलेली असते. ती तापवून, तार सारून सोडवायची, आणि बसवताना नवी पट्टी. काचेला एवढीशी चीर गेली तर पॅनल माझ्या खिशातून. मजुरी किती मागू? पाचशे सांगितले तरी गिऱ्हाईक म्हणतं, "एक डिस्क तर बदलायचीय."

आणि खरी भीती नंतरची. दोन महिन्यांनी स्पीकर गेला तरी, "तुम्हीच उघडला होता." तुमची एक क्लिप मोडली, तुम्ही हसून लिहिलंत. माझ्याकडे मोडली असती तर?

दोन हजार देऊन घेतो तेही सांगतो. पॅनल, अडॅप्टर, रॅम, वायफाय कार्ड, सुटं विकलं की पैसे निघतात. यात चोरी नाही. पण हो, डिस्क पिवळी आहे हे सांगायला हवं होतं त्याने. मी सांगतो. सांगून मग नाही म्हणतो.

प्लेटमेकर

ऑफसेटवर काम करतो. मूळ धाग्याशी १००% सहमत. आमच्याकडे २०१० चा एक पीसी अजून चालू आहे, फक्त जुन्या फायली उघडायला. वर्षातून चारदा लागतो, पण लागतो तेव्हा दुसरं काही चालत नाही. फॉन्ट नसला की मराठी मजकुराच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. "चि. सौ. कां." च्या जागी काय काय वाचलंय ते इथे लिहीत नाही.

अनुस्वार

इथेच खरा मुद्दा आहे आणि सगळे त्याला वळसा घालून जाताय.

काकांचं कॉम्प्युटर जुनं झालेलं नाही, त्यांचा मजकूर ओलीस आहे. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी या जुन्या फॉन्टांत अक्षर इंग्रजी किंवा चिन्हांच्या जागांवर बसवलेलं असतं. कॉम्प्युटरच्या लेखी ते मराठी नसतंच. शोधता येत नाही, मोबाइलवर पाठवता येत नाही, फॉन्ट गेला की मजकूर गेला. युनिकोडमध्ये "क" हा कुठेही "क"च राहतो. पेजमेकरला युनिकोड कळत नाही, त्यामुळे काका तिथे आहेत तोवर हीच गाठ.

५,८०० रुपयांत खिळेमोळे यांनी ही गाठ अजून चार वर्षांसाठी घट्ट केली. त्याच रविवारात बारा वर्षांच्या फायलींपैकी नेहमी लागणाऱ्या पन्नास पत्रिका युनिकोडमध्ये आणल्या असत्या तर? परिवर्तक मिळतात. पेजमेकरसारखंच पानं मांडणारं स्क्रायबस फुकट आहे आणि १.६ आवृत्तीत देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात.

प्लेटमेकर

@अनुस्वार, ताई, तुम्ही परिवर्तक वापरून पत्रिका छापलीय का कधी? "र्‍या" आणि "द्ध" कुठे उडी मारतील सांगता येत नाही. पत्रिकेत वधूच्या आजोबांचं नाव चुकलं की परिवर्तक येत नाही मांडवात, मला यावं लागतं. वर स्क्रायबस शिकायचं वय काकांचं आहे का? एकसष्टी झालेला माणूस दिसतोय.

अनुस्वार

प्रूफ तर पेजमेकरमध्येही वाचावंच लागतं ना, दादा. वयाचं म्हणाल तर माझ्या आईने बासष्टाव्या वर्षी मोबाइलवर मराठी टंकायला सुरुवात केली आणि आता कुटुंबाच्या ग्रुपवर तिला कोणी आवरू शकत नाही.

जोडाक्षरं उडतात हे मात्र मान्य. म्हणूनच म्हणते, पन्नासच करा, हाताने तपासून.

बोरीबंदर

लिनक्स मिंट टाका. विषय संपला.

खिळेमोळे

@बोरीबंदर, श्रीलिपीचं लॉक मिंटमध्ये चालवून दाखवा, तुमच्या घरी येऊन हार घालतो.

@अनुस्वार, बोचलं, कारण बरोबर आहे. पण क्रम बघा. आधी डिस्क मरत होती. त्या डिस्कवर बारा वर्षांचं काम, बॅकअप शून्य. युनिकोड करायचं तरी आधी फायली जिवंत हव्यात. डीडीरेस्क्यूने शेवटी जे सोडून दिलं ते ४० केबीच्या आसपास. अजून वर्षभराने हाच आकडा काय झाला असता?

शून्यप्रहर

बॅकअपवर सहमत. पण बॅकअपला बाहेरची एक डिस्क पुरते, अख्खं यंत्र पुन्हा उभं करावं लागत नाही.

आणि सुरक्षेचं उत्तर अजून आलेलं नाही. कृपा करून "रूफस वापरून विंडोज ११ टाकू" म्हणू नका. त्या सॉफ्टवेअरने यंत्राची तपासणी टाळून विंडोज ११ चढतं, हे मलाही माहीत आहे. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच असं कंपनी म्हणत नाही.

खिळेमोळे

विंडोज ११ टाकणारच नाही. नेटची केबल काढून टाकलीय, वायफाय बंद केलंय. बँक, मेल, व्हॉट्सॲप सगळं काकांच्या मोबाइलवर. ऑल-इन-वन फक्त पत्रिका बनवतो. घरातलं शिवणयंत्र समजा.

शून्यप्रहर

शिवणयंत्रात गावभरचे पेनड्राइव्ह घालत नाहीत.

डीटीपीच्या दुकानात दिवसाला किती पेनड्राइव्ह येतात? व्हायरस शिरून फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले की सगळे धावतात. नेट बंद म्हणजे सुरक्षित हा समज आहे. उलट अँटिव्हायरसही अपडेट होत नाही.

प्लेटमेकर

हे खरंय. आमच्याकडे दोनदा झालं. आता नियम केलाय: गिऱ्हाइकाने फोटो आणि मजकूर फोनवर पाठवायचा, पेनड्राइव्ह फक्त आमचा. सुरुवातीला लोक रुसले, आता सवय झाली.

परदेशी पाहुणी

फ्रान्समधून वाचतेय. इथे १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉप वगैरे काही वस्तूंवर "दुरुस्त करायला किती सोपं" याचा दहापैकी गुण दुकानातच लिहावा लागतो. किमतीशेजारी ६.४ वगैरे आकडा असतो. सुटे भाग मिळतात का, उघडायला किती पायऱ्या, हे त्यात धरतात. ऑल-इन-वनला असा आकडा लावला असता तर कराडच्या दादांची चिकटपट्टीवाली मॉडेलं किती गुणांनी नापास झाली असती!

कराडचा सर्व्हिसवाला

@परदेशी पाहुणी, आपल्याकडेही डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल काढलंय. माझ्या दुकानात आजवर एकाही गिऱ्हाइकाने त्याचं नाव काढलं नाही.

वेगाबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मिनिटाला ५,४०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी मारायला ११ मिलिसेकंद घेते. विंडोज १० चालू होताना हजारो बारीक बारीक फायली मागतं, डिस्क मात्र सेकंदाला शंभरेक ठिकाणीच जाऊ शकते. म्हणून प्रोसेसर नुसता हात चोळत बसतो आणि लोक म्हणतात कॉम्प्युटर म्हातारा झाला. एसएसडीला फिरायचंच नसतं. तेव्हा खिळेमोळे, तुमच्या मूळ मुद्द्याला माझा पाठिंबा. दुकानदार म्हणून नाही म्हणेन, पण घरचं असेल तर मीही हेच करेन.

शून्यप्रहर यांच्या पडद्याच्या भीतीवर एक तोड आहे. बोर्ड कधी मेलाच तर पॅनल फेकू नका. पॅनलच्या मागचा नंबर बघून त्याला जुळणारं कंट्रोलर कार्ड मिळतं, एचडीएमआयवालं. पॅनलची केबल त्याला जोडली की चांगला मॉनिटर होतो, मिनी पीसी मागे चिकटवा. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मी नेहमी आणतो. नंबर न बघता आणलंत तर मात्र पुन्हा ७०० रुपये अक्कलखाती.

उरलेला सांगाडा भंगारवाल्याला देऊ नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्या.

शून्यप्रहर

म्हणजे शेवटी मिनी पीसीवरच आलात ना सगळे.

खिळेमोळे

बोर्ड मेल्यावर. मेलेला नाही अजून.

बाहेरची डिस्क आज मागवली, दर शनिवारी बॅकअप. पेनड्राइव्हचा नियम काकांना सांगितला, ते म्हणाले, "मग सरपंचांना तू सांग." पन्नास पत्रिकांपैकी तीन युनिकोडमध्ये आणून पाहिल्या. "द्ध" दोनदा फुटला.

कराडचा सर्व्हिसवाला

ती १.५ व्होल्टची रॅम पडून आहे का? एका जुन्या लॅपटॉपला हवीय. ४ जीबी असेल तर ३५० देतो, कुरिअर माझ्याकडे.